वाचकांचे प्रश्न : घरी केलेल्या भेटी आणि हस्तकला-दुकानांचे शेअर

गेल्या अंकातील किरकोळ विक्रीच्या कंपन्यांवरील लेखात आम्ही एक वाक्य ओझरते लिहिले होते. अमेरिकेत मंदी आली की लोक भेटवस्तू विकत घेण्याऐवजी घरी करू लागतात आणि लोकर, कापड, रंग, डिंक विकणाऱ्या दुकानांकडे गुंतवणूकदारांचे लक्ष जाते, असे ते वाक्य होते. त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. त्यांतील पाच निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी गेली चौदा वर्षे न्यू जर्सीत एडिसन येथे राहते. गेल्या नाताळात कार्यालयात, मुलांच्या शाळेत आणि आमच्या मराठी मंडळातही घरी विणलेल्या टोप्या, हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रे, कापडी पिशव्या अशाच भेटी जास्त दिसल्या. महागाईमुळे सगळ्यांनी हात आखडता घेतला आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, २००८ च्या मंदीत हस्तकलेच्या दुकानांच्या शेअरनी चांगला पैसा दिला होता, म्हणून आताही थोडी रक्कम तिकडे वळवावी. आपले मत काय?

उत्तर : आपल्या यजमानांची आठवण बरोबर आहे, पण ती एकाच कंपनीची आहे. त्याच मंदीत, त्याच धंद्यात, आपल्याच राज्यातील दुसऱ्या एका कंपनीचे काय झाले हे त्यांच्या लक्षात राहिलेले दिसत नाही.

अमेरिकेतील ती मंदी अधिकृत गणनेनुसार डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ मध्ये संपली. त्या काळात या धंद्यात पाच मोठी नावे होती. टेक्सासमधील मायकेल्स, ओक्लाहोमातील हॉबी लॉबी, ओहायोतील जोअ‍ॅन, मिसिसिपीतील हॅनकॉक फॅब्रिक्स आणि न्यू जर्सीतील ए. सी. मूर. यांपैकी मायकेल्स ही कंपनी बेन कॅपिटल आणि ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थांनी २००६ मध्येच सुमारे ६ अब्ज डॉलरला विकत घेऊन शेअर बाजारातून काढून नेली होती, तर हॉबी लॉबी ही ग्रीन कुटुंबाची खासगी कंपनी असल्याने तिचे शेअर बाजारात कधी आलेच नाहीत. म्हणजे धंद्यातील दोन मोठी दुकाने सामान्य गुंतवणूकदाराच्या हाताबाहेर होती. हॅनकॉकने मार्च २००७ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण, म्हणजे धंदा चालू ठेवून देणी नव्याने ठरवून घेण्याची कायदेशीर सवड, मागितले होते आणि ऑगस्ट २००८ मध्ये, म्हणजे लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक कोसळण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, ती त्यातून बाहेर पडली. मुहूर्त याहून वाईट असू शकला नसता. उरल्या जोअ‍ॅन आणि ए. सी. मूर.

जोअ‍ॅनने त्या दोन वर्षांत उत्तम काम केले. मंदी येण्यापूर्वीच नव्या व्यवस्थापनाने मालसाठा आवरता घेतला होता, कर्ज हलके होते आणि निम्म्याच्या आसपास विक्री शिवणकामाच्या साहित्याची होती. नवा कपडा घेण्याऐवजी जुना दुरुस्त करणे, पडदे घरी शिवणे, मुलांचे पोशाख घरी करणे या गोष्टी तंगीत वाढल्या, त्यामुळे गिऱ्हाईक वाढले आणि नफाही वाढला. डिसेंबर २०१० मध्ये लिओनार्ड ग्रीन या गुंतवणूक संस्थेने प्रत्येक शेअरला ६१ डॉलर देऊन पूर्ण कंपनी सुमारे १.६ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला आणि मार्च २०११ मध्ये तो पूर्ण झाला. मंदीच्या तळाला ज्याने हा शेअर घेतला होता त्याला मूळ रकमेच्या काही पट रक्कम मिळाली. आपल्या यजमानांना आठवते ती ही गोष्ट.

ए. सी. मूरलाही तेच गिऱ्हाईक आणि तीच मंदी मिळाली होती, नाताळही तेच होते. त्याच २०११ मध्ये ही कंपनीदेखील विकली गेली, परंतु प्रत्येक शेअरला १.६० डॉलर या भावाने, एकूण सुमारे ४.१ कोटी डॉलरला. आकड्यांचा योगायोग मौजेचा आहे. एकीकडे अख्खी कंपनी १.६ अब्जांची, तर दुसरीकडे एक शेअर १.६० डॉलरचा. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये ए. सी. मूरने आपली १४५ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले आणि त्यांपैकी काही जागा मायकेल्सने भाड्याने घेतल्या. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या दुकानांच्या पाट्या बदलताना कदाचित पाहिल्याही असतील.

आता असे का झाले याचा विचार करू. आपल्याकडे ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ असे म्हणतात, ते घरी केलेल्या भेटीला तंतोतंत लागू पडते. एक साधा गळपट्टा विणायला लागणारी बरी लोकर घेतली, सुया घेतल्या, की तयार गळपट्ट्याची किंमत कधीच मागे पडते. काटकसरीचा खरा विचार करणारे गिऱ्हाईक हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ओळखते आणि मग घरातील उरलेली लोकर, जुन्या साडीचे कापड, आजीचा बटणांचा डबा यांकडे वळते. तरीही ते दुकानात आलेच, तर हातात कूपन घेऊन येते. या दुकानांनी वर्षानुवर्षे एका वस्तूवर ४० टक्के सूट देणारी कूपने वर्तमानपत्रांतून वाटली आणि मायकेल्स, जोअ‍ॅन, ए. सी. मूर एकमेकांची कूपनेही स्वीकारत असत. अशा गिऱ्हाइकाने दुकानातील गर्दी वाढते, पण गल्ल्यात पडणारा नफा त्या प्रमाणात वाढत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, या दुकानांत एकाच छपराखाली दोन निराळे धंदे चालतात. एक म्हणजे लोकर, धागा, साधे रंग, कागद, म्हणजे तंगीत टिकणारा माल. दुसरा म्हणजे चित्रांना मापाप्रमाणे चौकट करून देणे, घराच्या सजावटीच्या वस्तू, छायाचित्रांच्या वह्या सजवण्याचे महागडे साहित्य. हा दुसरा धंदा जास्त नफ्याचा असतो आणि मंदीत पहिला फटका त्यालाच बसतो. आपण मंडळात पाहिलेल्या विणलेल्या टोप्यांनी पहिला धंदा वाढल्याचे दिसते, परंतु ज्यांनी यंदा भिंतीवरच्या चौकटी करून घेतल्या नाहीत ते लोक आपल्याला दिसत नाहीत. जोअ‍ॅनचे पारडे पहिल्या धंद्याकडे अधिक झुकलेले होते, हे तिच्या यशाचे एक कारण आहे.

मालसाठ्याचेही तसेच. किराणा विकणाऱ्या मोठ्या साखळीचा माल वर्षातून दहा-बारा वेळा विकला जाऊन नव्याने भरला जातो, तर हस्तकलेच्या दुकानात तो दोन-तीन वेळाच फिरतो, कारण एकाच रंगाच्या वीस छटा, एकाच सुईची दहा मापे ठेवावी लागतात आणि ती ठेवली नाहीत तर गिऱ्हाईक परत येत नाही. वर्षाची कमाई बहुतांशी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत होते. नाताळाचा माल अंदाजापेक्षा जास्त भरला गेला, तर तो जानेवारीत मिळेल त्या भावाने काढावा लागतो.

म्हणून आपल्याला सांगायचे ते एवढेच की, घरगुती भेटी वाढल्या हे निरीक्षण खरे असले तरी ते गिऱ्हाइकाविषयीचे निरीक्षण आहे. शेअर घ्यायचा तर कंपनीवर कर्ज किती, मालसाठा विक्रीपेक्षा वेगाने वाढतो आहे का, आणि ही काटकसरीची बातमी भावात आधीच धरली गेली आहे का, हे पाहावे लागते. तिसरा मुद्दा बहुतेक जण विसरतात. एखादी गोष्ट मंडळात चर्चेला आली म्हणजे ती बाजाराला महिनाभर आधी कळलेली असते. आता असे कोणते शेअर बाजारात उरले आहेत, याचे उत्तर पुढे ठाण्याच्या वाचकाला दिले आहे. ते वाचून आपल्या यजमानांची थोडी निराशा होईल.

प्रश्न : मी नाशिकला वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकतो. करोनाच्या काळात जोअ‍ॅनची विक्री प्रचंड वाढली होती असे वाचले. मग पाच वर्षांच्या आत ती कंपनी बंद कशी पडली? मागणी असूनही कंपनी बुडू शकते का?

उत्तर : बुडू शकते, आणि अभ्यासासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. आकड्यांपासूनच सुरुवात करू. जोअ‍ॅनचे आर्थिक वर्ष जानेवारीअखेर संपत असे. जानेवारी-फेब्रुवारी २०२० मध्ये संपलेल्या वर्षात तिची विक्री सुमारे २.२४ अब्ज डॉलर होती. त्यानंतर करोना आला, लोक घरात अडकले, कापडी मुखपट्ट्या शिवण्यासाठी कापड आणि इलॅस्टिक यांची झुंबड उडाली, आणि पुढच्या वर्षी विक्री २.७६ अब्जांवर गेली. त्याच्या पुढच्या वर्षी ती २.४२ अब्ज झाली आणि त्यानंतर २.२२ अब्ज. आलेली लाट आली तशी ओसरली आणि तीन वर्षांनी कंपनी विक्रीच्या बाबतीत जेथून निघाली होती तेथेच, किंबहुना किंचित मागे, येऊन उभी राहिली.

आता एका महिन्याकडे लक्ष द्यावे. मार्च २०२१. त्या महिन्याच्या सुरुवातीला अपोलो या गुंतवणूक संस्थेने मायकेल्स प्रत्येक शेअरला २२ डॉलर देऊन बाजारातून काढून घेण्याचा करार जाहीर केला. २०१४ मध्ये हीच कंपनी १७ डॉलरला पुन्हा बाजारात आली होती. त्याच महिन्यात लिओनार्ड ग्रीनने दहा वर्षे खासगी ठेवलेली जोअ‍ॅन १२ डॉलर भावाने बाजारात विकायला काढली. आणि महिन्याच्या अखेरीस घरगुती कटाई-यंत्रे बनवणारी क्रिकट ही कंपनी २० डॉलर भावाने बाजारात आली. म्हणजे धंदा आतून जाणणाऱ्यांपैकी एकाने विकत घेतले आणि दोघांनी विकले. ज्यांनी विकले त्यांना शिखर दिसत होते असा दावा मी करत नाही, परंतु ताळेबंद सर्वांत चांगला दिसत असतानाच शेअर विकायला काढले जातात, ही बाजाराची जुनी रीत आपण या वयातच ध्यानात घेतलेली बरी.

जोअ‍ॅनच्या पडझडीची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. शिवणयंत्र ही वस्तू एकदा घेतली की वर्षानुवर्षे पुन्हा घ्यावी लागत नाही, त्यामुळे २०२० मध्ये ज्यांनी घेतले ते २०२२ मध्ये परत आले नाहीत. २०२१-२२ मध्ये चीनहून माल आणणाऱ्या कंटेनरांची भाडी गगनाला भिडली आणि कापड, कृत्रिम फुले, सजावटीचा माल हा सगळा आकाराने मोठा, किमतीने हलका असल्याने त्याचा भार या धंद्यावर इतरांपेक्षा जास्त पडला. मोत्यांच्या व्यापाऱ्याला कंटेनरचे भाडे जाणवत नाही, कापसाच्या व्यापाऱ्याला जाणवते. त्यातच मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवायला सुरुवात केली. जोअ‍ॅनवर एक अब्ज डॉलरच्या वर कर्ज होते. विक्री पूर्वीइतकीच झाली आणि व्याज मात्र वाढले, तर उरते काय, हे आपल्याला कागदावर मांडून पाहता येईल.

मार्च २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली संरक्षण मागितले. एप्रिलअखेर ती सुमारे निम्मे कर्ज कमी करून बाहेर पडली, परंतु कर्जदात्यांची खासगी कंपनी म्हणून. जुन्या भागधारकांचे शेअर रद्द झाले. वरवर पाहता येथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. प्रत्यक्षात पुरवठादारांकडून माल वेळेवर येईना, दुकानांतील मांडण्या रिकाम्या राहू लागल्या, आणि लोकरीच्या मनाजोगत्या छटा एकाच वेळी मिळेनात तेव्हा विणणाऱ्या बायका दुसरीकडे गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली, फेब्रुवारीत सर्व सुमारे ८०० दुकाने बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि मेअखेर शेवटची दुकाने बंद झाली. १९४३ पासून चालत आलेले एक नाव असे संपले. जूनमध्ये त्या नावाचे आणि मालाच्या छापांचे हक्क मायकेल्सने घेतले.

आपण ‘मागणी असूनही’ असे म्हटले आहे. मागणी होतीच, ती बंद पडली नव्हती. दोन अब्ज डॉलरचे कापड, धागे आणि लोकर लोक दरवर्षी विकत घेत होते. दोन अब्जांच्या विक्रीला एक अब्जाचे कर्ज झेपले नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही एक गंमत अशी की, २०११ साली लिओनार्ड ग्रीनला कर्ज काढून कंपनी विकत घेण्याची कल्पना सुचली ती मंदीत तिने मिळवलेल्या नावलौकिकामुळेच. आपण प्रकल्पासाठी हा विषय घेणार असाल, तर हॉबी लॉबीशी तुलना अवश्य करा. तिने फेब्रुवारी २०२१ अखेर आपले प्रसिद्ध ४० टक्के सवलतीचे कूपन बंद केले आणि रोजचे भाव खाली आणले. ज्या दुकानाला तिमाही निकाल दाखवायचे नसतात त्याला असा निर्णय घेणे सोपे जाते, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझी मुलगी डॅलसला असते. तिला लग्नात मिळालेली जोअ‍ॅनची दोन भेटपत्रे (गिफ्ट कार्डे) कपाटात राहून गेली. आता दुकानेच बंद झाली. त्या पैशांचे काय?

उत्तर : खेद वाटतो, परंतु ते पैसे गेले असेच धरावे. दुकाने बंद करण्याच्या प्रक्रियेत २८ फेब्रुवारी २०२५ नंतर भेटपत्रे स्वीकारणे थांबवण्यात आले. भेटपत्र घेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कंपनीला बिनतारणाने उसने पैसे दिलेला माणूस असतो, आणि दिवाळखोरीत तारण असलेल्या कर्जदात्यांचे भागल्यावर काही उरले तरच त्याच्यापर्यंत काही पोचते. भागधारक त्याच्याही मागे उभा असतो. हा क्रम वरील दोन प्रश्नांशी जोडून वाचला, तर जोअ‍ॅनच्या भागधारकांना २०२४ मध्ये काहीही का मिळाले नाही ते स्पष्ट होईल. आपल्याकडे लग्नात पाकीट देण्याची जी पद्धत आहे ती या बाबतीत अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो आणि सेवानिवृत्त आहे. येथून पैसे पाठवून अमेरिकेतील हस्तकला क्षेत्रातील शेअर घेता येतात का, आणि कोणते? कराचे काय?

उत्तर : घेता येतात, मात्र आपल्याला जे घ्यावेसे वाटते आहे ते आता विकायलाच नाही. जोअ‍ॅन, ए. सी. मूर आणि हॅनकॉक संपल्या. हॅनकॉकने २०१६ मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत जाऊन गाशा गुंडाळला. मायकेल्स अपोलोच्या मालकीची आहे आणि हॉबी लॉबी कुटुंबाची. प्रतिस्पर्धी गेल्याचा लाभ या दोघांना होत असेल, पण त्यात आपल्याला वाटा मिळत नाही. वॉलमार्ट, अ‍ॅमेझॉन, डॉलर ट्री यांच्याकडे हस्तकलेचा माल असतो, परंतु त्यांच्या एकूण विक्रीत तो चिमूटभर आहे आणि त्यासाठी ते शेअर घेणे म्हणजे लसणीच्या पाकळीसाठी मंडई विकत घेणे होय.

उरतात दोन नावे. एट्सी हा हाताने केलेल्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार २००५ मध्ये ब्रुकलिन येथे सुरू झाला आणि २०१५ मध्ये १६ डॉलर भावाने शेअर बाजारात आला. एप्रिल ते जून २०२० या एका तिमाहीत तेथे सुमारे ३४.६ कोटी डॉलरच्या मुखपट्ट्या विकल्या गेल्या. २०२१ च्या अखेरीस शेअर ३०० डॉलरच्या आसपास गेला आणि पुढील काही वर्षांत त्याच्या चौथाईच्याही खाली आला. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. एट्सीवरील गिऱ्हाईक स्वतः काही करत नाही, ते दुसऱ्याने हाताने केलेली वस्तू विकत घेते, आणि ती बहुधा यंत्रावरच्या वस्तूपेक्षा महाग असते. तंगीत घरी विणू लागलेला माणूस एट्सीचे गिऱ्हाईक होत नाही, झालाच तर विक्रेता होतो. मग विक्रेते वाढतात आणि खरेदीदार तेवढेच राहतात. २०२२ मध्ये कंपनीने विक्रेत्यांकडून घेतले जाणारे शुल्क ५ वरून ६.५ टक्के केले, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी काही दिवस आपली ऑनलाइन दुकाने बंद ठेवून निषेध नोंदवला होता.

दुसरी क्रिकट. कागद, कापड, चिकट पत्रे हव्या त्या आकारात कापून देणारे तिचे यंत्र टेबलावर मावते. यंत्र एकदाच विकले जाते म्हणून कंपनीचा डोळा मासिक वर्गणीवर असतो. मार्च २०२१ मध्ये, बाजारात येण्याच्या ऐन तोंडावर, विनावर्गणी ग्राहकांना स्वतःची नक्षी महिन्यातून वीस वेळाच चढवता येईल असे तिने जाहीर केले. ग्राहक इतके खवळले की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. शेअर नंतर बाजारात येतानाच्या भावाच्या निम्म्याहून खाली गेला. आपण सेवानिवृत्त आहात हे लक्षात घेता या दोहोंपैकी कोणताही शेअर आपल्या गरजेचा आहे असे मला वाटत नाही.

तरीही नियम सांगतो. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. गुंतवणुकीसाठी पाठवलेली रक्कम वर्षात १० लाख रुपयांच्या पुढे गेली, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. शेअर २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के दराने कर, अधिक अधिभार आणि उपकर, लागतो, त्याआधी विकल्यास आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. अमेरिकी कंपनीच्या लाभांशातून तेथेच २५ टक्के कापले जातात आणि त्याचे श्रेय येथे मागता येते. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरण्यास चुकू नये. आणि आपल्या वयाच्या वाचकांनी विशेष पाहावे असे एक कलम : अमेरिकेत न राहणाऱ्या परकीयाच्या नावावर तेथील शेअर ६० हजार डॉलरहून अधिक मूल्याचे असताना त्याचा मृत्यू झाला, तर वरच्या रकमेवर अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो. भारतात असा कर नसल्याने ही बाब बहुतेकांच्या गावीही नसते.

प्रश्न : पुण्यात गणपती आणि दिवाळीच्या आधी बोहरी आळीत पाय ठेवायला जागा नसते. कागद, लेस, मणी, आकाशकंदिलाचे साहित्य यांची एवढी विक्री होते. भारतात अशा दुकानांचे शेअर का नाहीत? डोम्स, कॅमलिन, पिडिलाइट यांना तसे मानता येईल का?

उत्तर : बोहरी आळीतील दुकाने हेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. एका गल्लीत शेजारी शेजारी वीस दुकाने, प्रत्येकाचा मालक गल्ल्यावर बसलेला, जागा बहुधा जुनी, आणि माल संपला तर शेजारच्याकडून आणून देण्याची तयारी. ज्या खर्चाने अमेरिकेतील साखळ्या बुडाल्या, म्हणजे मोठ्या जागांचे भाडे, कर्जाचे व्याज आणि हजारो नोकर, तो खर्च येथे नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरही हेच दृश्य दिसते. असा धंदा साखळीच्या दुकानाला सहजी जागा देत नाही, त्यामुळे शेअर बाजारापर्यंत पोचते ती माल विकणारी नव्हे तर माल बनवणारी कंपनी.

आपण घेतलेल्या तीन नावांचे धंदे एकमेकांहून निराळे आहेत. पिडिलाइटचे फेविकॉल १९५९ पासूनचे आणि फेविक्रिलचे रंग घराघरांत आहेत, परंतु कंपनीची मोठी कमाई सुतारकाम, बांधकाम आणि गळती थांबवणाऱ्या मालातून येते. तेव्हा हा शेअर घेणारा घरबांधणीवर पैसे लावतो, आकाशकंदिलावर नव्हे. डोम्स ही उंबरगावची कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये ७९० रुपये भावाने बाजारात आली आणि इटलीतील फिला ही कंपनी तिची मोठी भागधारक आहे. तिचा कणा शाळकरी मुलांची पेन्सिल हा आहे. कॅमलिनची कथा आपल्याला जवळची. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेला हा धंदा २०११ पासून जपानच्या कोकुयो कंपनीच्या ताब्यात आहे. चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या महाराष्ट्रातील कैक पिढ्यांनी याच कंपनीच्या रंगांत कुंचला बुडवला आहे. तरीही विक्रीचा मुख्य आधार तेथेही शाळाच.

हाताने केलेल्या वस्तू देण्याची आपली परंपरा अमेरिकेहून जुनी आहे. रुखवतात मांडलेले मोत्यांचे तोरण, जुन्या लुगड्यांची गोधडी, बारशाला शिवलेले झबले-टोपरे ही सगळी घरी केलेली भेटच. पण तिचे साहित्य घरातून निघते, म्हणून तिच्यावर कोणत्याही कंपनीचा ताळेबंद उभा राहत नाही. हल्ली रुखवतही तयार मिळते, ते पाहून मला तरी फारसा आनंद होत नाही, हे जाता जाता.

शेअर म्हणून कॅमलिन किंवा डोम्स यांचा विचार करायचाच असेल, तर सणांची गर्दी बाजूला ठेवून शाळेचे वेळापत्रक पाहावे. माल दुकानांत भरला जातो तो शाळा उघडण्याच्या आधी, म्हणून जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून या दोन तिमाहींचे निकाल खरे बोलतात. दुसरे असे की, २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, खोडरबर, खडू आणि वह्या यांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला. गिऱ्हाइकाला हे सोयीचे असले, तरी करमुक्त मालासाठी आणलेल्या कच्च्या मालावर भरलेला कर कंपनीला परत मिळत नाही. तो बोजा कंपनीने किमतीत घातला की नफ्यातून सोसला, हे त्यानंतरच्या दोन-तीन तिमाहींच्या निकालांत तपासावे आणि मगच बोहरी आळीतून दलालाच्या कार्यालयाकडे वळावे.